'लक्ष दे!' म्हणतो, पण लक्ष द्यायला शिकवतो का? : रोजच्या जगण्यातील सजगता



शाळेत दिवसभरात सर्वांत जास्त वेळा कोणता शब्द उच्चारला जातो याची कुणी नोंद ठेवली, तर 'लक्ष' हा शब्द नक्कीच वरच्या क्रमांकात येईल. 'इकडे लक्ष द्या.' 'लक्ष कुठे आहे तुझं?' 'फळ्याकडे लक्ष!' प्रगतिपुस्तकातल्या वर्णनात्मक नोंदींमध्येही 'अभ्यासात लक्ष देणे आवश्यक' हे वाक्य आपण कितीतरी मुलांसाठी लिहितो. घरी हेच वाक्य आई-बाबांच्या तोंडी असतं.

आता जरा विचार करा. बेरीज शिकवताना आपण मुलाला नुसतं 'बेरीज कर' म्हणून सोडून देत नाही. मणी घेतो, काड्यांचे गठ्ठे बांधतो, दशक-सुटे मांडतो, हातच्याची गंमत सांगतो. चुकलं तर पुन्हा करून दाखवतो. पोहायला शिकवताना कुणी काठावर उभं राहून फक्त 'पोह, पोह' असं ओरडत नाही. मग लक्ष देण्याच्या बाबतीतच आपण नुसती आज्ञा का देतो? लक्ष कसं द्यायचं, ते सुटलं हे कसं ओळखायचं आणि सुटल्यावर परत कसं आणायचं, हे मुलाला कुणी दाखवलेलंच नसतं.

हे दाखवण्याचा जो सराव आहे, त्याला आजकाल 'माइंडफुलनेस' म्हणतात. मराठीत आपण 'सजगता' म्हणू. या लेखात सजगतेचे रोजच्या जीवनातले फायदे, त्यामागचं थोडं शास्त्र, वर्गात आणि घरी सहज करता येतील अशा कृती आणि काही धोक्याच्या सूचना पाहू.

सजगता म्हणजे नेमकं काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर, आत्ता जे चाललं आहे त्याकडे जाणीवपूर्वक लक्ष देणं आणि त्याला लगेच 'चांगलं-वाईट' असा शिक्का न मारणं म्हणजे सजगता. मी जेवतोय तर घासाची चव मला कळतेय. मला राग येतोय तर 'मला राग येतोय' हे माझ्या ध्यानात आलंय. मूल माझ्याशी बोलतंय तर मी खरोखर ऐकतोय.

आपल्या भाषेत यासाठी एक सुंदर शब्द आधीपासूनच आहे : भान. 'भान ठेव', 'भान हरपलं', 'भानावर ये' असं आपण रोज बोलतो. यातला 'भानावर येणे' हा वाक्प्रचार तर सजगतेची व्याख्याच सांगतो. भानावर यायचं म्हणजे आधी आपण भानावर नव्हतो हे कळायला हवं. हे कळण्याचा जो क्षण असतो ना, तोच या सगळ्या सरावाचा गाभा आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. अनेकांना वाटतं, सजगता म्हणजे मनात एकही विचार येऊ न देणं. तसं नाही. मन भटकणारच, तो त्याचा स्वभाव आहे. बहिणाबाई चौधरींनी मनाला उभ्या पिकात शिरणाऱ्या गुराची उपमा दिली आहे. ज्याने शेत राखलं आहे त्याला माहीत आहे, गुरू हाकललं तरी पुन्हा येतं. म्हणून राखणदार हरला असं कुणी म्हणत नाही. पुन्हा पुन्हा हाकलणं हेच त्याचं काम. मन गेलं, कळलं, परत आणलं, ही एक फेरी झाली. व्यायामात एक उठाबशी मोजतात, तशी ही एक फेरी मोजा.

एकाग्रता आणि सजगता यांतही थोडा फरक आहे. मूल मोबाईलवरच्या गेममध्ये तासभर अगदी एकाग्र असतं, पण त्याला भूक लागली आहे, डोळे दुखत आहेत, आईने तीन वेळा हाक मारली आहे, याचं भान नसतं. एकाग्रतेत लक्ष एका जागी खिळतं. सजगतेत आपलं लक्ष कुठे आहे हे आपल्याला माहीत असतं आणि हवं तिकडे ते वळवता येतं.

हा विचार आला कुठून?

हा विचार परदेशातून आला असं बऱ्याच जणांना वाटतं. खरं तर त्याचं मूळ आपल्याच मातीत आहे. पाली भाषेत यासाठी 'सति' हा शब्द आहे, संस्कृतमध्ये 'स्मृती'. बौद्ध परंपरेतल्या सतिपट्ठान सुत्तात श्वास, शरीर, संवेदना आणि मन यांच्याकडे सजगपणे पाहण्याची पद्धत सांगितली आहे. सत्यनारायण गोयंका ही साधना ब्रह्मदेशातून १९६९ मध्ये पुन्हा भारतात घेऊन आले. नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात १९७६ पासून विपश्यनेची शिबिरं होत आहेत. मुलांसाठी त्यातली श्वास पाहण्याची सोपी पायरी म्हणजे 'आनापान' शिकवली जाते. आपल्या राज्यातल्या अनेक शाळांत ती 'मित्र उपक्रमा'तून पोहोचली.

तिकडे अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, जुनाट दुखणी आणि ताणतणाव असलेल्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला. कोणताही धर्म पाळणाऱ्याला किंवा न पाळणाऱ्यालाही तो करता येईल असं त्याचं स्वरूप ठेवलं. त्यातली एक कृती मला फार आवडते. सहभागींना एक मनुका देतात. ती आधी नीट पाहायची, बोटांनी चाचपायची, वास घ्यायचा, मग जिभेवर ठेवायची आणि अगदी हळू चावायची. एवढ्याशा मनुकेत इतकं काही असतं हे लोकांना तेव्हा पहिल्यांदा कळतं.

दिल्लीच्या सरकारी शाळांमध्ये जुलै २०१८ पासून नर्सरी ते आठवीसाठी 'हॅपिनेस' अभ्यासक्रम सुरू झाला. त्यातही गोष्टी, कृती आणि चर्चेबरोबर सजगतेचा सराव होता. म्हणजे शाळेत सजगता आणणं हे काही जगावेगळं खूळ नाही.

मन भटकल्याने काय बिघडतं?

२०१० मध्ये मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या हार्वर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. २,२५० प्रौढ माणसांना दिवसात अधूनमधून फोनवर विचारलं : आत्ता तुम्ही काय करताय? मन त्याच कामात आहे की दुसरीकडे? आणि तुम्हाला कसं वाटतंय? उत्तरांवरून दिसलं की जवळपास ४७ टक्के वेळा माणसांचं मन हातातल्या कामात नव्हतं. शिवाय मन दुसरीकडे असताना माणसं एकंदरीत कमी आनंदी होती.

मोठ्या माणसांची ही स्थिती असेल, तर सात-आठ वर्षांच्या लेकराने ४० मिनिटांच्या तासिकेत सतत लक्ष द्यावं ही अपेक्षा किती मोठी आहे बघा! त्यात मेंदूच्या पुढच्या भागात, जिथून आवेग आवरणं आणि लक्ष वळवणं ही कामं चालतात, त्याची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. म्हणजे वर्गात चुळबुळ करणारं मूल दरवेळी मुद्दाम खोडी काढत असतं असं नाही. त्याचं ते यंत्र अजून बनतंय. बनताना त्याला सराव लागतो, टोमणे नाही.

रोजच्या जीवनात फायदे कोणते?

१) राग आणि कृती यांच्यात थोडी जागा मिळते.
मधल्या सुट्टीत कुणी रांगेत धक्का दिला की दुसऱ्या क्षणाला उलटा धक्का जातो. मधे विचाराला जागाच नसते. 'माझे कान तापलेत, मुठी आवळल्यात, म्हणजे मला राग आलाय' एवढं ओळखता आलं तरी एखादा क्षण मिळतो. त्या क्षणात मूल सरांकडे किंवा बाईंकडे येऊ शकतं, बाजूला होऊ शकतं. राग येणं थांबत नाही, पण हात उचलणं थांबू शकतं. आणि हे फक्त मुलांसाठी नाही, बरं का! पट्टी उगारणाऱ्या आणि धपाटा घालणाऱ्या मोठ्यांसाठीही तेवढंच खरं आहे.

२) भीतीच्या वेळी शरीर सावरता येतं.
परीक्षेत पेपर हातात आला की छाती धडधडते. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना कमी होतात, ही आपल्या शरीराचीच रचना आहे. म्हणून श्वास सावकाश, लांब सोडला की धडधड थोडी निवते. पाच सावकाश श्वासांनी न केलेला अभ्यास आठवणार नाही, पण केलेला अभ्यास घाबरून विसरला जाण्याची शक्यता कमी होते.

३) काम एका वेळी एकच होतं.
टीव्ही पाहत गृहपाठ करणाऱ्या मुलाला वाटतं की आपण दोन्ही करतोय. खरं तर मेंदू लक्ष लागणारी दोन कामं एकदम करत नाही, तो इकडून तिकडे उड्या मारतो. प्रत्येक उडीत थोडा वेळ जातो आणि चुका वाढतात. वहीत 'विद्यार्थी' ऐवजी 'विद्याथी' का लिहिलं जातं, याचं उत्तर पुष्कळदा व्याकरणात नसतं, अशा उडीत असतं.

४) ऐकणं सुधारतं, नाती सुधारतात.
मूल काही सांगत असताना आपण वही तपासत 'हं, हं' करतो. त्याला ते कळतं. दोन मिनिटं पेन खाली ठेवून त्याच्याकडे पाहून ऐकलं, तर ते अर्ध्या तासाच्या उपदेशापेक्षा जास्त काम करतं.

५) साध्या गोष्टींची गोडी परत येते.
पहिल्या पावसाचा वास, गरम खिचडीची वाफ, ओल्या मातीत उमटलेले पाय. हे सगळं रोज समोर असतं. आपण तिथे नसतो.

रोजच्या कामातच सराव दडलेला आहे

सजगतेसाठी वेगळी सतरंजी, वेगळं संगीत किंवा वेगळं ॲप लागतं असं नाही. भाकरी थापणाऱ्या बाईकडे बघा. परातीत फिरणारा हात, पिठाचा ओलावा, कडेची जाडी, तव्याची आच, सगळीकडे तिचं भान असतं. लक्ष जरा हललं की भाकरीला चीर जाते किंवा ती करपते. शेताला पाणी देणारा माणूस, रांगोळीचा ठिपका सोडणारी मुलगी, विटी-दांडू खेळणारा मुलगा, ही सगळी त्या क्षणी सजग असतात. म्हणजे ही क्षमता मुलांकडे आहेच. आपल्याला ती फक्त ओळखीची करून द्यायची आहे आणि वहीपर्यंत आणायची आहे.

ताराबाई मोडक यांनी कोसबाडच्या परिसरात 'कुरणशाळा' चालवली. गुरं राखायला गेलेली मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळाच कुरणात गेली. लक्ष देण्याचा सरावही तसाच न्यायला हवा, म्हणजे मूल जिथे आहे आणि जे करतंय तिथे.

गिजुभाईंचा फसलेला 'शांतीचा खेळ'

कृतींकडे वळण्याआधी एक गोष्ट सांगायलाच हवी. गिजुभाई बधेकांचं 'दिवास्वप्न' हे पुस्तक आपल्यापैकी अनेकांनी डीएडला असताना वाचलं असेल. त्यातले गुरुजी चौथीच्या वर्गात पहिल्याच दिवशी मोठ्या उत्साहाने शांतीचा खेळ घेतात. दारं-खिडक्या बंद करून, सगळ्यांनी शांत बसून आजूबाजूचे आवाज ऐकायचे, असा बेत. पण मुलं गोंधळ घालतात आणि बेत पार फसतो. मग गुरुजी काय करतात? मुलांवर ओरडत नाहीत. ते गोष्टी सांगायला लागतात, आणि गोष्टीमुळे तोच वर्ग आपसूक शांत होतो.

हा खेळ मूळचा मारिया मॉन्टेसरी यांचा. त्या एकदा चार महिन्यांच्या तान्ह्या बाळाला घेऊन वर्गात आल्या आणि हे बाळ किती शांत आहे, याचा श्वास किती हळू चालतो, ते मुलांना दाखवलं. मुलंही तसं करून पाहू लागली. त्यातून मौनाचा खेळ तयार झाला. खेळाच्या शेवटी बाई दुसऱ्या खोलीतून एकेका मुलाचं नाव अगदी कुजबुजत घ्यायच्या आणि ज्याचं नाव ऐकू येईल त्याने आवाज न करता उठून यायचं.

दोन्ही प्रसंगांतून आपल्यासाठी एकच धडा आहे. शांतता आधी लादली आणि मग त्यात काहीतरी शिकवू म्हटलं, तर फसतं. आधी मुलाला काहीतरी ऐकण्यासारखं, पाहण्यासारखं द्या, शांतता त्याच्या मागून येते.

वर्गात घेता येतील अशा कृती (इयत्ता १ली ते ५वी)

कृती १ : घंटेचा आवाज संपेपर्यंत
साहित्य : शाळेची घंटा किंवा पितळी थाळी. वेळ : २ मिनिटे.
एकच टोला द्या. आवाज कमी कमी होत जाईल. ज्याला आवाज ऐकू यायचा पूर्ण थांबला, त्याने हात वर करायचा. सगळ्यांचे हात एकदम वर येत नाहीत, कुणाचे आधी, कुणाचे नंतर. यात कुणी चूक नाही, हे आवर्जून सांगा. परिपाठानंतर लगेच घ्यायला ही कृती उत्तम.

कृती २ : आवाजांची यादी
साहित्य : काही नाही. वेळ : ५ मिनिटे.
एक मिनिट फक्त ऐकायचं. मग काय काय ऐकलं ते फळ्यावर लिहायचं : पंखा, कावळा, शेजारच्या वर्गातले पाढे, पोषण आहाराच्या खोलीतली भांडी, रस्त्यावरची दुचाकी. त्यानंतरचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : 'ऐकताना मन मध्येच कुठे गेलं होतं का?' तिसरीतल्या एका मुलीने दिलेलं उत्तर ऐका. 'माझं मन आमच्या शेळीकडे गेलं, तिला पिल्लू होणार आहे.' 'बरं, मग परत आलं का?' असं विचारल्यावर ती म्हणाली, 'हो, कावळा ओरडला तेव्हा आलं.' मन गेलं कधी, कुठे आणि परत कशाने आलं, हे सगळं तिला सांगता आलं. यापेक्षा चांगली व्याख्या आपल्यालाही करता येणार नाही. अशा उत्तरावर हसू नका, 'शाळेत शेळीचा विचार?' असं तर मुळीच म्हणू नका. नाहीतर पुढच्या वेळी सगळी मुलं 'मन कुठेच गेलं नव्हतं' असं खोटं सांगतील.

कृती ३ : माझा खडा
साहित्य : मैदानातले खडे. वेळ : १५ मिनिटे.
प्रत्येकाने एक खडा आणायचा. दोन मिनिटं तो नीट पाहायचा : रंग, रेषा, खड्डे, धार, वजन, गारवा. मग ८-१० मुलांच्या गटात सगळे खडे एकत्र करायचे आणि आपला ओळखून काढायचा. बहुतेक मुलं बरोबर ओळखतात आणि फार खूश होतात. लगेच 'माझा खडा' यावर पाच वाक्यं लिहायला सांगा. एरवी वर्णन लिहायला 'काय लिहू?' विचारणाऱ्या मुलांकडेही सांगण्यासारखं काहीतरी असतं, कारण त्यांनी खरोखर पाहिलेलं असतं. भाषेच्या तासाला ही कृती सहज बसते.

कृती ४ : हात धुणं आणि पहिले तीन घास
वेळ : रोज मधल्या सुट्टीत.
हात धुताना पाणी गार आहे की कोमट, साबणाचा फेस बोटांच्या फटीत गेला का, एवढंच बघायचं. स्वच्छताही होते आणि सरावही. जेवणाआधीचा श्लोक झाल्यावर पहिले तीन घास न बोलता खायचे. आजच्या खिचडीत काय काय लागलं, ते नंतर सांगायचं. वटाणा, मोहरी, कढीपत्ता अशी यादी निघते. पुढे गप्पा मारायला पूर्ण मोकळीक. मुलांचं जेवण म्हणजे मौनव्रत नव्हे.

कृती ५ : पोटावर हात, पाच श्वास
वेळ : १ मिनिट. चाचणीच्या आधी किंवा मैदानावरून आल्यावर.
हात पोटावर ठेवायचा. श्वास घेताना पोट फुगतं, सोडताना आत जातं, ते हाताला जाणवू द्यायचं. नाकात शिरणारी हवा गार आणि बाहेर येणारी कोमट, हेही मुलांना लगेच कळतं. श्वास रोखून धरायला लावू नका.

एकाच आठवड्यात पाचही कृती घेण्याचा आग्रह नको. एक कृती निवडा आणि दोन आठवडे तीच घ्या. वेळही रोज एकच ठेवा. सरावात ताकद असते ती सातत्याची.

पालकांसाठी चार गोष्टी

- मूल शाळेतून आल्यावर पहिली दहा मिनिटं मोबाईल बाजूला ठेवा. 'अभ्यास काय दिला?' या प्रश्नाऐवजी 'आज काय वेगळं पाहिलंस?' असं विचारून बघा.
- दिवसातलं एक जेवण टीव्ही-मोबाईलशिवाय करा. सुरुवातीला घरात सगळ्यांनाच चुकल्यासारखं वाटेल. चार दिवसांनी गप्पा सुरू होतील.
- मूल रडत किंवा चिडत असेल तर आधी त्याच्या भावनेला नाव द्या. 'तुला वाईट वाटलं, ना?' समजावणं त्यानंतर. मोठ्या आवाजात 'शांत हो!' म्हटल्याने कुणीच शांत होत नाही.
- रोजचं एक काम मुलासोबत सावकाश करा : शेंगा सोलणं, झाडांना पाणी घालणं, कपड्यांच्या घड्या. बोलणं सुचलं तर बोला, नाही सुचलं तर नुसतं सोबत असा.

आणि आपण शिक्षक?

सकाळी हजेरी घेतानाच फोन वाजतो. ग्रुपवर 'माहिती आजच, तातडीने सादर करावी' असा संदेश आलेला असतो. लिंक भरायची, फोटो पाठवायचे, पोषण आहाराची नोंद करायची आणि समोर दोन इयत्तांचा वर्ग. यात सजग कसं राहायचं, हा प्रश्न अगदी रास्त आहे. सजगतेने कामं कमी होणार नाहीत आणि कामाचा बोजा हा काही श्वासाने सोडवायचा प्रश्न नाही, त्यासाठी रीतसर मागणीच करावी लागते. पण दोन गोष्टी आपल्या हातात आहेत.

पहिली : वर्गाच्या उंबरठ्यावर एक श्वास. आत जाण्याआधी एक क्षण थांबायचं, पाय जमिनीवर टेकलेत हे जाणवू द्यायचं, मग आत जायचं. ऑफिसमधला किंवा घरातला वैताग त्या मुलांच्या वाट्याचा नाही.

दुसरी : हजेरी. नाव उच्चारताना मान वर करून त्या मुलाच्या चेहऱ्याकडे बघायचं. आज कुणाचे डोळे सुजलेत, कोण न खाता आलंय, कोण उगाच गप्प आहे, हे त्या दोन सेकंदांत दिसतं. ३० मुलांच्या वर्गात हा फक्त एक मिनिटाचा खेळ आहे. पण 'मला कुणीतरी पाहिलं' ही भावना मुलाला दिवसभर पुरते. मुलं सजगता आपल्या सूचनांमधून कमी आणि आपल्या नजरेतून जास्त शिकतात.

काय करू नये?

इथे थोडं स्पष्ट बोलतो, कारण चांगल्या गोष्टीचा चुकीचा वापर आपल्याकडे लवकर होतो.

१) शिक्षा म्हणून वापरू नका. 'गोंधळ केलात ना, आता डोळे मिटून बसा!' असं म्हटलं की श्वास पाहणं आणि अंगठे धरणं यांत मुलाला फरक उरत नाही. सजगता हे वर्ग गप्प करण्याचं साधन नाही.

२) डोळे मिटायची सक्ती नको. काही मुलांना डोळे मिटले की भीती वाटते. घरात किंवा आयुष्यात त्यांनी काय पाहिलंय ते आपल्याला माहीत नसतं. 'हवं तर मिटा, नाहीतर जमिनीकडे बघा' एवढी मोकळीक पुरते. अशा मुलांसाठी खडा, घंटा, पाणी अशा बाहेरच्या वस्तू श्वासापेक्षा जास्त सोयीच्या.

३) गुण आणि स्पर्धा नको. 'सर्वांत शांत कोण?' असं बक्षीस ठेवलं की मुलं शांत दिसण्याचं नाटक शिकतात.

४) जादूची अपेक्षा नको. ब्रिटनमध्ये ८५ शाळा आणि ८ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. ११ ते १४ वयाच्या मुलांना वर्गात सजगतेचे पाठ दिले, पण नेहमीच्या भावनिक-सामाजिक शिक्षणापेक्षा त्याचा मुलांच्या मानसिक आरोग्याला जास्त फायदा दिसला नाही. बहुतेक मुलांनी वर्गाबाहेर सराव फारसा केलाच नव्हता. याचा अर्थ सजगता निरुपयोगी आहे असा नाही. पण 'आणखी एक तासिका' म्हणून वरून घातलेली सजगता मुलांपर्यंत पोहोचेलच असं नाही, हे त्यातून शिकायला हवं. म्हणूनच मी वेगळ्या तासिकेपेक्षा हात धुणं, जेवण, हजेरी, लेखन अशा रोजच्या गोष्टींवर भर दिला आहे.

५) खऱ्या अडचणीवर पांघरूण घालू नका. मूल उपाशी असेल तर त्याला आधी जेवण हवं. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत घामाने थबथबलेल्या मुलाला आधी सावली आणि पाणी हवं. त्याला कुणी मारत असेल, छळत असेल, तर 'श्वासाकडे लक्ष दे' हा सल्ला म्हणजे अन्यायच ठरेल. तिथे आपण मोठ्यांनी उठून काही करायला हवं. संकटातल्या मुलांसाठी १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा आणि मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक शाळेच्या फलकावर लिहून ठेवा. मूल खूप दिवस उदास असेल, झोपत नसेल, स्वतःला इजा करण्याबद्दल बोलत असेल, तर समुपदेशक किंवा डॉक्टरांकडेच न्या.

सुरुवात कशी कराल? दोन आठवड्यांचं सोपं नियोजन

पहिला आठवडा फक्त स्वतःसाठी : हजेरी घेताना प्रत्येक चेहऱ्याकडे बघायचं आणि दिवसातून एकदा वर्गाच्या दारात एक श्वास थांबायचं. मुलांना काहीच सांगायचं नाही.

दुसरा आठवडा : परिपाठानंतर घंटेची कृती रोज दोन मिनिटं. शनिवारी आवाजांची यादी किंवा माझा खडा. शेवटी मुलांना एकच प्रश्न विचारायचा : 'या आठवड्यात तुमचं मन पळून गेलंय हे तुम्हाला कधी कळलं?' उत्तरं एका वहीत लिहून ठेवा. महिनाभराने ती वही चाळलीत तर मुलं काय शिकली हे कोणत्याही निरीक्षण तक्त्यापेक्षा तुम्हाला जास्त नीट दिसेल.

पुढच्या वेळी फळ्याकडे पाठ करून खिडकीबाहेर बघणारं मूल दिसलं, तर 'लक्ष कुठे आहे तुझं?' हा प्रश्न जरूर विचारा. फक्त या वेळी तो खराखुरा प्रश्न म्हणून विचारा, उत्तर ऐकायची तयारी ठेवून. ते चिमणीकडे गेलेलं असेल, आजारी आजीकडे गेलेलं असेल. ऐकून घ्या आणि मग म्हणा, 'बरं, आता ये परत, आपण इथवर आलोय.' लक्ष द्यायला शिकवायचं ते असं.